पोटात बसवलेला पुरावा

"आज जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकालाही खरं वाटणार नाही, आणि तरी ते खोटं आहे असं सिद्ध करायला एकही माई का लाल उठणार नाही," असं म्हणून हलीमाबींनी माईक ओढून आपल्या उंचीला आणला.

सभागृहात हशा पिकला. मिरजेच्या ज्येष्ठ नागरिक संघाची वार्षिक थापस्पर्धा होती, सकाळचे अकरा वाजले होते आणि सगळ्यांच्या पोटात गरम उपमा होता. स्पर्धेचा नियम एकच. सांगणाऱ्यानं थाप मारायची, ऐकणाऱ्यानं ती पकडायची. कुणी उभं राहून, मोठ्या आवाजात, नेमकं बोट ठेवून दाखवलं, की सांगणाऱ्यानं तिथंच थांबून खाली बसायचं. जो शेवटपर्यंत टिकेल त्याला शाल. अकरा वर्षांत ती शाल घडी मोडून कुणाच्या खांद्यावर गेली नव्हती, कारण पहिल्या रांगेत कुरुंदवाडे सर बसायचे.

सरांनी चाळीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं होतं. आता एक्याऐंशी पूर्ण झाली होती, पण कान तिखट होते. मागच्या साली बापू नलवड्यांनी, म्हणजे एसटीतल्या निवृत्त ड्रायव्हरांनी, ब्रेक नसलेली गाडी आंबा घाटातून कशी उतरवली ते इतकं रंगवून सांगितलं की बायकांनी खुर्च्यांचे हात घट्ट धरले. सर शांतपणे उठले आणि म्हणाले, "त्या महिन्यात दरड पडून घाट बंद होता." बापू बसले ते बसलेच.

हलीमाबींचं वय चौऱ्याहत्तर. नवरा बाबालालभाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तंतुवाद्यांच्या गल्लीत त्या तंबोऱ्यांची जवारी काढून देत. थापा मारण्यात गावात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, तरी स्पर्धेत मात्र त्या आजवर उतरल्या नव्हत्या. सरांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि पेनानं वहीवर हलकेच टकटक सुरू केली. ही त्यांची सवय होती.

"नावं ऐकून घ्या," हलीमाबी म्हणाल्या. "बाईचं नाव रुकय्या. नवऱ्याचं दस्तगीर. आणि एक वकील आहे. त्याला नाव नाही. वकिलाचं नाव घेतलं की नोटीस येते."

आणि त्या सांगू लागल्या.

तर हा दस्तगीर भोपळेवाला. मंगळवेढ्याकडून सतारीचे भोपळे आणायचा आणि गल्लीत वाटायचा. एक खडखडता टेंपो, बस. मग ती साथ आली. सख्ख्या भावाला भाऊ शिवेना, तेव्हा हा गडी टेंपोतले भोपळे उतरवून प्रेतं चढवू लागला. कुणाचं, कुठल्या जातीचं, हे नाही; जाळायचं का पुरायचं, एवढंच विचारायचा. तीनशे अकरा नेली. टेंपोला पुढं कितीही धुतलं तरी भोपळ्यांचे व्यापारी त्यात माल घालीनात, म्हणून शेवटी तो विकला. दहा वर्षांनी दस्तगीर हृदयविकारानं गेला. वाचनालयात शोकसभा भरली. महापालिकेच्या नव्या शववाहिकेला त्याचं नाव द्यायचं असा ठराव मांडायचा होता. तेवढ्यात वकील उठले.

हे वकील म्हणजे गावचे हुशार. त्यांचा एक सिद्धांत होता: जगात कुणीही कुणासाठीही काहीही करत नाही. आई पोराला दूध पाजते ते छाती हलकी व्हावी म्हणून. जवान मरतो तो नावासाठी. फायदा कुठं आहे तेवढं शोधा, म्हणजे माणूस सापडतो. सगळीकडे हेच बोलायचे, स्वतःच्या थोरल्या भावाच्या बाराव्यालाही हेच बोलले होते. त्या दिवशी ते म्हणाले, "दस्तगीरबद्दल मला आदर आहे, पण मेलेल्या माणसासमोर खोटं बोलू नये. प्रेतं वाहताना त्याला बरं वाटायचं. ज्यात बरं वाटतं ते माणूस करतो. मला भजी खाऊन बरं वाटतं, त्याला प्रेतं वाहून वाटायचं. उद्या माझं नाव भज्यांच्या गाडीला देणार का?"

लोक हसले. शोकसभेत हसले, दस्तगीरच्या फोटोसमोर, पहिल्या रांगेत बसलेल्या रुकय्याच्या देखत. हसणारे वाईट नव्हते; वाक्यच तसं चटकदार होतं. मग अध्यक्ष म्हणाले की ठराव पुढच्या बैठकीत घेऊ. ती बैठक अजून व्हायची आहे.

"हे तर आपल्या बाबालालभाईंचं–" मागून बापू नलवडे बोलून गेले.

"नलवडे," अध्यक्ष बिरनाळे काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "पकडायचं असेल तर उभं राहून पकडा. बसून कुजबुजायचं नाही."

"मी कुठं पकडतोय. मला आपलं ठसका लागला."

रुकय्यानं त्या दिवशी घरी येऊन ठरवलं, की या माणसाचं वाईट करायचं. (हलीमाबी इथं गोड हसल्या.) आता वाईट करायचं म्हणजे काय, ते कळायला मात्र तिला सात-आठ वर्षं लागली. तोवर तिनं साध्या गोष्टी केल्या. वकिलांच्या दारावरून जाताना रोज एक शिवी मनात. त्यांच्या गाणाऱ्या भाचीचा तंबोरा जवारीला आला की त्याला मुद्दाम महिनाभर हात लावायचा नाही. पण यानं पोट भरत नव्हतं.

मग वकिलांच्या किडन्या गेल्या. दोन्ही.

सभागृहात पेनाची टकटक थांबली. पाच-सहा माना पहिल्या रांगेकडे वळल्या आणि लगेच परत फिरल्या. हलीमाबी माईकची वायर सारखी करत होत्या.

आठवड्यातून तीनदा सुया टोचून घ्यायच्या, फार तर दीड-दोन वर्षं, असं डॉक्टरांनी सांगितलं. वकिलांचे सात नातेवाईक दाते म्हणून उभे राहिले आणि सातही जण एकेक कारण काढून बसले. एकाला मधुमेह निघाला, एकाच्या बायकोला फेफरं आलं, एकाला अचानक दुबई. आणि वकील काय म्हणाले? खूश झाले. डायलिसिसच्या खाटेवर पडल्या पडल्या भेटायला येणाऱ्याला सांगायचे, "बघा. सात प्रयोग केले, सातही वेळा सिद्ध झालं. मी मरेन, पण बरोबर ठरून मरेन."

हे ऐकलं आणि रुकय्याला आपला सूड सापडला. या माणसाला मारण्यात अर्थ नव्हता, तो आपोआप मरत होता, आणि जिंकून मरत होता. त्याला जगवायचं. चुकीचा ठरवून जगवायचं. ज्यात कुणाचा कसलाही फायदा नाही अशी एक गोष्ट त्याच्याच पोटात बसवायची, टाके घालायचे आणि त्याला म्हणायचं, आता बोल.

तिचा रक्तगट ओ होता. हा कुणालाही चालतो. ती अर्ज घेऊन इस्पितळात गेली.

"थांबा." कुरुंदवाडे सर उभे राहिले होते. आवाज जरा घासला गेला. "या बाईचं वय तुमच्या हिशेबानं पासष्टच्या आसपास होतं. अनोळखी दात्याला साठीची मर्यादा होती. ही थाप."

बिरनाळे काकूंनी पेन्सिल उचलली.

"होती," हलीमाबी म्हणाल्या. "दोन हजार अडतीस साली काढली, सर. वय बघायचं नाही, अवयव बघायचा, अशी दुरुस्ती झाली. बाईच्या किडन्या चाळिशीच्या निघाल्या. गल्लीत चढ आहे आमच्या. तिच्या, म्हणजे."

सरांनी क्षणभर विचार केला. दुरुस्ती झाली होती हे त्यांना माहीत असणारच. त्या सालचे सगळे कागद त्यांनी वाचले होते. ते बसले.

आता यंत्र. हे समजून घ्या, कारण सगळी गंमत यंत्राची आहे. पूर्वी नात्याबाहेरच्या कुणी किडनी द्यायची म्हटली, की तीन जणांची समिती बसायची आणि विचारायची, का देताय? दलालांनी पढवलेली माणसं घडाघडा उत्तरं द्यायची. समिती फसायची. मग यंत्र आलं. मोठं नाव काहीतरी होतं, पण लोक त्याला टोपरं म्हणायचे, कारण ते डोक्यावर घालून हनुवटीखाली बांधायचं असायचं, तान्ह्या बाळासारखं.

माणसाच्या मेंदूच्या तळाशी, दोन कानांच्या साधारण मधोमध, मूठभर पेशी असतात. त्यांचं काम वाट बघणं. लाडू तोंडात पडला की त्या पेटतात असं पूर्वी वाटायचं. तसं नाही. फडताळातला डबा उघडल्याचा आवाज आला, की तेव्हाच पेटतात. काहीतरी मिळणार, ही चाहूल त्यांना लागते. पेशी पेटली की इवलासा विजेचा प्रवाह, आणि प्रवाहाभोवती इवलंसं चुंबकत्व. होकायंत्राची सुई हलवायला जेवढं लागतं त्याच्या कोट्यंशानंही नाही. पण टोपऱ्याला ते कळायचं. म्हणून खोलीच्या भिंतींना खास धातूचा पत्रा, आणि आत जाताना बांगड्या काढायच्या, डोरलं काढायचं, पदराची पिनसुद्धा काढायची.

आत अंधुक उजेड. कानात एक आवाज सांगतो: डोळे मिटा. शस्त्रक्रिया झाली. तो बरा झाला. तो घरी गेला. आता पुढं बघा. माणूस बघतो, आणि त्याच्या डोक्यात किती वेळा डबा उघडला ते टोपरं मोजतं. शून्य ते शंभर. दहाच्या आत आलात तर दाखला मिळेल आणि किडनी देता येईल.

कुणी येत नव्हतं. एक मोठे आश्रमवाले आले, चौसष्ट. एक बाई आयुष्यभर कुष्ठरोग्यांत राहिल्या होत्या, त्यांचे एकेचाळीस. त्या बिचाऱ्या रडल्या. वकिलांना हे कळलं तेव्हा त्यांनी खाटेवरूनच पेढे वाटले.

टोपऱ्यावर एक डॉक्टर इंगवले होत्या. रोडक्या, तिरकस, चहाचा कप हातातून न सोडणाऱ्या. रुकय्यानं पहिल्याच बैठकीत विचारलं, "हे स्वार्थ मोजतं काय?"

"अपेक्षा मोजतं," त्या म्हणाल्या. "दोन्ही एकच का, ते मला विचारू नका. मी फक्त आकडा वाचते. ऐका नीट. तीनच संधी. तुम्ही नाव देऊ शकता कुणाला द्यायची ते, पण त्याला तुमचं नाव कधीही कळणार नाही. तशी सही करायची. तुम्ही स्वतः सांगितलंत तर दाखला रद्द, आणि नोंद होणार की दान स्वार्थासाठी होतं."

रुकय्यानं सही केली. आत गेली. कानातला आवाज म्हणाला, तो बरा झाला, तो घरी गेला. आणि रुकय्याला दिसलं, की वकील अंगणात आरामखुर्चीत बसलेत, आपण फाटक उघडून आत जातोय, समोर उभे राहतोय आणि सांगतोय. वकिलांचं तोंड उघडं पडलंय. आहाहा. ती बाहेर आली तेव्हा आतून गरम पाण्यानं न्हायल्यासारखं वाटत होतं.

"अठ्ठ्याऐंशी," डॉक्टर इंगवले म्हणाल्या. "हा माझ्या खोलीतला विक्रम आहे. कोण लागतो तुमचा?"

"कोण नाही."

"मग सूड असणार."

रुकय्या पदराची पिन परत लावू लागली.

"लाजू नका. सूड आणि लाडू एकाच फडताळात असतात. उलट माणूस स्वतःचं नुकसान करून दुसऱ्याला धडा शिकवतो ना, तेव्हा नुसता डबा नाही, सगळं कपाट उघडतं. हे जुनं संशोधन आहे. घरी जा. चहा घ्या थोडा आधी."

दुसऱ्या वेळी ती शहाणी होऊन गेली. फाटक नाही, वकील नाही. नमाज पढून, मन धुऊन गेली, आणि आवाज बोलू लागल्यावर तिनं फक्त दस्तगीरला डोळ्यांसमोर आणलं. तो टेंपोच्या चाकावर टेकून उभा होता. तिच्याकडे बघून त्यानं मान हलवली.

"शेहेचाळीस."

"मेलेल्या नवऱ्याची शाबासकीसुद्धा चालत नाही?"

"कुणाचीच चालत नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्या वेळी त्यांचा कप खाली ठेवलेला होता.

एक संधी उरली. वकिलांच्या पायांवर सूज चढली होती. रुकय्याला भीती वाटू लागली, की हा माणूस आपल्याआधी पोचेल, वर, बरोबर ठरून.

आता जवारी म्हणजे काय, ते इथल्यांना सांगायला नको, पण पाव्हण्यांसाठी सांगते. तंबोऱ्याची तार घोडीवर टेकते. ती घोडी कानशीनं केसाएवढी घासायची, की तार छेडली असता स्वर नुसता वाजत नाही, उमलतो. एक ओढ कमी पडली तर स्वर मुका, एक जास्त झाली तर घोडी वाया. रुकय्याला हे तिच्या सासऱ्यानं शिकवलं होतं. पहिली तीन वर्षं तिनं घोड्या वायाच घालवल्या. सासरा म्हणायचा, "तुला हवा तो आवाज तू आधीच कानात धरून बसतीस, पोरी. मग हात त्याच्या मागं पळतो. हवा तो आवाज ऐकू नको. तार काय म्हणती तेवढं ऐक."

ती कारखान्यात आपल्या जागेवर बसली आणि तिनं वकिलाला घोडीवर चढवलं. रोज दुपारी, चार महिने. डोळे मिटायची आणि बघायची: वकील बरा झाला. भजी खातोय. वाचनालयात भाषण करतोय, तेच जुनं. लोक हसतायत. शववाहिका रस्त्यानं जातेय, तिच्यावर कुणाचंच नाव नाही. आपण मागच्या रांगेतून उठतोय, घरी येतोय, भात टाकतोय. कुणाला काही माहीत नाही, आणि कधी होणार नाही.

पहिल्या महिन्यात तिला खरोखर उलट्या झाल्या. दुसऱ्या महिन्यात चित्र बघताना ती दात खायची. कारखान्यातल्या पोरी म्हणायच्या, चाची, कानशीचा आवाज तोंडातून येतोय. तिसऱ्यात नुसता कंटाळा आला. आणि चौथ्यात एका दुपारी वकील नेहमीप्रमाणे भाषण करत होता आणि तिच्या ध्यानात आलं, की त्याच्या सदऱ्याचं वरून तिसरं बटण तुटलंय. म्हातारा, एकटा, कुणी लावून द्यायला नाही. तिला वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. बटण तुटलं होतं, एवढंच.

ती उठली आणि इस्पितळात गेली.

"तीन," डॉक्टर इंगवले म्हणाल्या. त्यांनी यंत्र बंद करून परत चालू केलं. परत तीन. मग बांगडी काढून त्यांनी टोपरं स्वतःच्या डोक्यावर बांधलं आणि आपल्या आजारी आईला किडनी द्यायचं चित्र बघितलं. बावन्न. त्यांनी दाखल्यावर शिक्का मारला आणि एवढंच विचारलं, "कसं केलंत?"

"काय कळलं नाही," रुकय्या म्हणाली. आणि तिला खरंच कळलं नव्हतं. घरी येऊन तिनं आपला राग शोधला, घरभर शोधावा तसा. कुठंच नव्हता. ज्या हत्यारानं वार करायचा तेच वितळल्याशिवाय यंत्र तिला दारातून आत सोडणार नव्हतं, आणि आता ती आत होती आणि हात रिकामा होता. अर्ज मागं घ्यावा, असं तिला रात्रभर नाही, पाच मिनिटं वाटलं. मग म्हणाली, जाऊ दे. दिली तर दिली.

"एक प्रश्न," कुरुंदवाडे सर म्हणाले. उठले नव्हते. "यंत्र फसवता येत असेल. सरावानं."

"हा प्रश्न झाला, सर," बिरनाळे काकू म्हणाल्या. "थाप कुठली ते सांगा."

सरांनी वहीत पाहिलं. वहीचं पान कोरं होतं. बापू नलवडे छताच्या पंख्याकडे बघत होते, जणू तो त्यांनीच बसवलाय.

शस्त्रक्रिया झाली. चौथ्या दिवशी रुकय्या भिंत धरून व्हरांड्यात चालत होती. एका खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि आतून ओळखीचा आवाज येत होता, अशक्त, पण तोच. वकील नर्सला समजावत होते. "ज्यानं दिली त्याला काहीतरी मिळालंच असणार, सिस्टर. स्वर्ग म्हणा, जाहिरात म्हणा, नाहीतर रिकामपणावर औषध म्हणा. मला शोधायचं नाही. माझ्या पोटात कुणाचा तरी स्वार्थ बसवलाय, आणि उत्तम चालतोय."

नर्स हसली.

तेव्हा रुकय्याचा राग परत आला. सगळा, व्याजासकट. टाक्यांत चमक उठली म्हणून तिनं भिंतीला पाठ लावली. दाराला हात लावायचा आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम होतं. आणि ते वाक्य बोललं, की तीनाचे अठ्ठ्याऐंशी. वकील टाळी वाजवून म्हणणार, बघा, मिळालंच ना तुला, हे तोंड बघायला मिळालं. दस्तगीर दुसऱ्यांदा हरणार. न बोलली तर ती जिंकलेली, पण ते त्याला माहीत नाही. आणि ज्याचं त्यालाच माहीत नाही तो कसला सूड?

ती खोलीत परत गेली. आणि नऊ वर्षं गप्प राहिली. वकिलांना आपलं ते पोटातल्या स्वार्थाचं वाक्य फार आवडलं होतं. दर साली शस्त्रक्रियेच्या तारखेला दहा माणसं बोलावून ते भजी खायला घालायचे आणि ते वाक्य म्हणायचे. गेल्या महिन्यात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन झालं, ओवाळलं, भाचीच्या पोरांनी सोन्याची फुलं उधळली, तिथं माईकवरून म्हणाले. दोनशे माणूस हसलं. रुकय्या तिथं मागच्या रांगेत होती. वकिलांच्या भाचीनं तिला पुरणपोळी वाढली. तिनं ती खाल्ली. तूप जास्त होतं.

हलीमाबींनी पेल्यातलं पाणी प्यायलं. सभागृहात कुणी हसत नव्हतं. सहस्रचंद्रदर्शनाला यातले बरेच जण गेले होते.

"तर अशी ही बाई," त्या म्हणाल्या. "अठ्ठ्याऐंशीवरून तीनवर आली. आणि तो आकडा तिनं शेवटपर्यंत राखला. जित्या माणसाला एक अक्षर बोलली नाही. गेल्याच आठवड्यात ती मेली. वकील आहेत अजून, ठणठणीत. संपली गोष्ट."

कुणी टाळी वाजवली नाही. बिरनाळे काकूंनी शाल उचलली, परत ठेवली. "नियमाप्रमाणे विचारते," त्या म्हणाल्या. "कुणाला पकडायचंय?"

दीडशे माणसं पहिल्या रांगेकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती. बसून राहिलं तर सरांच्या समोर, त्यांच्या देखत, कुणीतरी कुणासाठीतरी काहीतरी केलं होतं, आणि त्यांना त्यात खोट काढता आली नव्हती. उठलं तर कशावर बोट ठेवायचं, ते त्यांना दिसत होतं, आणि ते ठेवलं की बाकीचं सगळं खरं ठरत होतं. सभागृहात दुसऱ्या कुणालाही ते ठेवता आलं असतं. कुणी ठेवलं नाही. हलीमाबी माईक धरून थांबल्या होत्या. घाई नव्हती, नऊ वर्षांनंतर दोन मिनिटांनी काय होतंय.

"एकदा," काकू म्हणाल्या. "दोनदा."

सर उभे राहिले. त्यांना वेळ लागला. वही मांडीवरून खाली पडली, ती त्यांनी पडू दिली.

"दोन थापा आहेत," ते म्हणाले. आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "बाई गेल्या आठवड्यात मेली, ही पहिली. ती मेलेली नाही."

काकूंनी लिहून घेतलं. "दुसरी?"

"जित्या माणसाला एक अक्षर बोलली नाही, ही दुसरी. आत्ताच बोलली, माझ्यासमोर."

"आणखी काही?"

पकडल्यावर सांगणाऱ्यानं खाली बसायचं असतं. हलीमाबी बसल्या नव्हत्या. सर त्यांच्याकडे बघत होते, आणि अकरा वर्षांत प्रथमच पकडून झाल्यावरही ते स्वतः उभेच होते.

"नाही," सर म्हणाले. "आणखी थाप नाही."